निनुच्चा खाली आहे

जेनेरोझोचा आवाज पहिल्यांदा जगभर गेला तेव्हा तो एका वेलीशी भांडत होता.

फेब्रुवारीतली छाटणी चालू होती. दक्षिण इटलीतल्या पिएत्रामार्ला गावाच्या उतारावर, वाऱ्याकडे पाठ करून, तो आल्यानिको द्राक्षाच्या एका म्हाताऱ्या खोडासमोर वाकला होता आणि म्हणत होता, "दोनच डोळे ठेवणार तुझे यंदा. रुसायचं असेल तर रुस. गेल्या साली तुझं ऐकलं, तर काय दिलंस? पाला. नुसता पाला." मग त्याने कात्री चालवली, काडी बाजूला फेकली, आणि खोडावरून हात फिरवत हळूच विचारलं, "लागलं का गं?"

मागे त्याची मुलगी मिरेल्ला फोन धरून उभी होती, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मिरेल्ला मिलानहून परत आली होती ती हात हलवत. तिकडे बरीच वर्षं तिने लोकांच्या साबणाच्या आणि बिस्किटांच्या जाहिराती केल्या. मग ती कंपनी बंद पडली, त्याच सुमाराला नवराही दुसरीकडे राहायला गेला. घरी आल्यावर काही आठवडे ती नुसती झोपून होती. एक दिवस उठली, तळघरात गेली, पिंपातली वाईन ग्लासात घेऊन उन्हात आली आणि बापाला म्हणाली, "बाबा, ही आपली?"

"मग काय शेजाऱ्याची?"

"आणि ही तुम्ही टँकरमधून त्या व्यापाऱ्याला देता? तो स्वतःच्या नावाने विकतो?"

"त्याला बोलता येतं. मला येत नाही," जेनेरोझो म्हणाला. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, त्यातली गत होती ती.

मिरेल्लाने बाटल्या आणल्या, लेबलं छापून घेतली, ब्लॉग सुरू केला. तिने मन लावून लिहिलं: जमिनीत ज्वालामुखीच्या राखेचे थर कसे आहेत, आल्यानिको नोव्हेंबरपर्यंत का पिकत नाही, थंडी आणि ऊन यांच्या ओढाताणीत मण्याची साल कशी जाड होते. ते वाचायच्या तिच्या दोन मैत्रिणी आणि उत्तरेकडच्या त्रेन्तो गावातले एक निवृत्त मास्तर. बाकी कुणी नाही. आणि मग वैतागून तिने बापाचा तो वेलीशी भांडतानाचा व्हिडिओ टाकला.

लोकांना वेड लागलं. तुरीनहून, हॅम्बुर्गहून, कुठकुठून माणसं लिहायला लागली. गावात जेनेरोझोला सगळे काका म्हणत, तसं तेही म्हणायला लागले. काका आज वेलीला काय म्हणाले? काका, माझ्या बाल्कनीतल्या वेलीला पण जरा दटवा ना. आणि त्याच्या पाठोपाठ बाटल्यांची मागणी.

लिबेराला, त्याच्या बायकोला, हे सगळं आवडलं होतं. ही गोष्ट तिने पुढे कधी नाकारली नाही. आयुष्यभर ती ओर्सोलाच्या बेकरीत पाव घ्यायला जायची तेव्हा रांगेत तिच्याकडे कुणी वळून बघत नसे. आता ओर्सोला स्वतः विचारायची, "काय लिबेरा, तुझा नट काय म्हणतो?" शेजारचा आमातो कुंपणावरून ओरडायचा, "वहिनी, आज शूटिंग आहे का? मी दाढी करून येऊ?"

"तू दाढी केलीस तर तुला ओळखणार कोण?" लिबेरा म्हणायची, आणि आत येऊन हसायची.

तिने नवऱ्यासाठी नवं जाकीट आणलं. मिरेल्लाने ते कपाटात वर टाकलं. "आई, जुनंच असू दे. कोपरावर ठिगळ आहे ते. लोकांना तेच आवडतं."

लिबेराला ते थोडं लागलं. नवऱ्याने ठिगळाचं जाकीट घालून चारचौघांत जावं असं तिच्या घराण्यात कुणी चालवून घेतलं नसतं. पण पोर हसायला लागली होती, जेवायला लागली होती. ती गप्प बसली.

गप्प बसायला दुसरंही कारण होतं. जेनेरोझोचं डोकं कुठेतरी सुटत चाललंय, हे घरात पहिल्यांदा तिला कळलं होतं. तो पाणी न घालताच कॉफीचं भांडं गॅसवर ठेवायचा. कुत्र्याला आधीच्या, मेलेल्या कुत्र्याच्या नावाने हाक मारायचा. एकदा बेकरीत पाकीट उघडून तो नुसता उभा राहिला, आतल्या नोटांचं काय करायचं ते न सुचून. लिबेराने हसत हसत त्याच्या हातातून पाकीट घेतलं आणि म्हणाली, "चष्मा विसरलाय बघ पुन्हा." तेव्हापासून कुणी त्याला काही विचारलं की त्याच्याआधी ती उत्तर द्यायची. जेनेरोझोच्या चुलत्याचं असंच झालं होतं, आणि त्याला शेवटी दाराला बाहेरून कडी लावून ठेवत. पोरं खिडकीशी जाऊन त्याला चिडवत. लिबेराला ते दार आठवत होतं.

व्हिडिओत मात्र हे सगळं शोभून दिसे. तो तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायचा आणि लोक लिहायचे, काका, पुन्हा सांगा. तो मध्येच थांबून आकाशाकडे बघत राहायचा आणि लोक लिहायचे, किती शांत माणूस.

मग जूनमध्ये एका सकाळी फोन चालू असताना तो मिरेल्लाकडे बघून अगदी अदबीने म्हणाला, "पोरी, तू कुणाची गं?"

जवळच्या आव्हेल्लिनो शहरात, दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. औषधाने बरं होणारं नाही, पण घाईही नाही. ओळखीच्या कामात राहू द्या, बोलू द्या, हसू द्या. परतीच्या वाटेवर जेनेरोझो मागच्या सीटवर झोपून गेला होता. मिरेल्ला गाडी चालवता चालवता रडत होती.

"तुला माहीत होतं," ती आईला म्हणाली.

"होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्याला बघून हसायचीस. मला वाटलं, हसू दे थोडे दिवस."

घाटाच्या पायथ्याशी मिरेल्ला म्हणाली, "आता हे बंद करायला हवं."

लिबेराने होकारार्थी मान हलवली. पण घाट चढून गाव दिसायला लागलं तसा मुलीचा आवाज बदलला. "पण आई, बाई म्हणाल्या ना, बोलू द्या. आणि खरं सांग, तो फोनसमोर असतो तेव्हाच खूश असतो की नाही?"

आता हे खोटं नव्हतं. घरात खुर्चीत बसला की जेनेरोझो मिटून जायचा. मळ्यात मिरेल्लाने फोन वर धरला की त्याचा कणा ताठ व्हायचा, डोळे चमकायचे. लिबेराने विचार केला आणि तिला नाही म्हणता आलं नाही.

त्या वर्षी तोडणी उशिरा झाली. नोव्हेंबरच्या मध्यावर शेवटचे घड आले आणि तळघर रसाच्या वासाने भरून गेलं. नोव्हेंबर म्हणजे पिएत्रामार्लात भूकंपाचा महिना. ऐंशी सालच्या त्या रविवारी संध्याकाळी अर्धं गाव कोसळलं. दर वर्षी त्या दिवशी चर्चची घंटा वाजते, लोक मेणबत्त्या घेऊन दफनभूमीपर्यंत चालत जातात. जेनेरोझो कधीच गेला नाही. तो तळघरात जाऊन पिंपं धूत बसायचा.

लिबेरा त्या घरात नवरी म्हणून आली ती भूकंपानंतर, आणि दुसऱ्या गावाहून. तिला एवढंच सांगितलं गेलं होतं की जेनेरोझोची धाकटी बहीण निनुच्चा त्यात गेली. चौदा वर्षांची होती. ताप होता म्हणून गोठ्यावरच्या खोलीत झोपली होती, झोपेतच तुळई पडली, तिला काही कळलंही नाही. सासू हे वाक्य जपमाळेसारखं म्हणायची. काही कळलं नाही तिला. शेवटच्या आजारातही तेच म्हणत गेली. निनुच्चाचा फोटो स्वयंपाकघरात होता. त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे.

घंटेच्या दिवसाआधीची गोष्ट. मिरेल्ला बापाला घेऊन तळघरात गेली, नव्या रसाचा व्हिडिओ करायला. रस आंबायला लागला की पिंपातून आवाज येतो, खदखद, मध्येच कुणीतरी पुटपुटल्यासारखा. तो आवाज लोकांना ऐकवावा एवढाच तिचा बेत होता. लिबेरा वर घेवड्याचं सूप ढवळत होती. बापलेक वर आले तेव्हा मिरेल्लाचे डोळे लाल होते आणि जेनेरोझो भुकेला होता. त्याने दोनदा सूप मागून घेतलं.

दोन दिवसांनी लिबेरा बेकरीत गेली तर रांग गप्प झाली.

कुणी तिच्याकडे बघेना. तिची पाळी आली तेव्हा ओर्सोलाने पाव कागदात गुंडाळला, काउंटरवर ठेवला आणि तिच्या हातावर आपला पिठाचा हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाली, "माझी आईसुद्धा बोलत होती, लिबेरा. खालून. आम्ही नाही कधी कुणाला सांगितलं."

"काय सांगितलं नाही?"

ओर्सोलाला कळलं की हिने पाहिलेलंच नाही. तिने आपला फोन काढून दिला.

दिव्याच्या पिवळ्या उजेडात जेनेरोझो पिंपाला कान लावून उभा होता. एक हात वर, गप्प राहा म्हणून. "ऐका," तो म्हणाला. "निनुच्चा खाली आहे." मग तो पिंपाशीच बोलायला लागला, हलक्या, समजावणीच्या आवाजात. "निनू, हात हलतोय का? एक हलतोय? बरं. तोच हलवत राहा. मी आहे इथे. फावडं नाहीये, हाताने काढतोय, वेळ लागेल." मग मान वर करून, फोनमागच्या कुणाला तरी: "काल संध्याकाळपासून बोलतेय ती. आता दुपार झाली. मघाशी पाणी मागत होती. आता गाणं म्हणतेय, शाळेतलं." तो पुन्हा कान लावून थांबला. बराच वेळ थांबला. "आता नाही म्हणत," तो म्हणाला.

व्हिडिओ तिथे संपत होता. खाली मिरेल्लाने लिहिलं होतं: ढिगाऱ्यातून वर आलेली वाईन.

लिबेरा पाव तिथेच विसरून घरी आली. मिरेल्ला टेबलाशी लॅपटॉपसमोर होती.

"आई, तू बघितलास? लाखांनी लोकांनी बघितलाय. वर्तमानपत्रातून फोन आला. लोक रडतायत, आई."

"काढ तो."

"मी पण रडत रडतच टाकला. रात्रभर विचार केला मी. एवढी वर्षं त्याने हे एकट्याने उरात ठेवलं. लोकांना कळू नये? तो कोण आहे, ही जमीन काय आहे?"

"त्याने तुला सांगितलं होतं का, लोकांना कळव म्हणून?"

मिरेल्ला उगाच टेबलावरचे पावाचे कण गोळा करायला लागली. तिच्या बोलण्यात कुठे खळ पडली की काहीतरी दडवलेलं असतं, हे लिबेराला तिच्या लहानपणापासून माहीत होतं.

"काय म्हणाला तो शेवटी?"

"आई..."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आईला सांगू नका. तिला मी सांगितलंय झोपेतच गेली म्हणून. कुणी तिला सांगू नका." मिरेल्लाने लॅपटॉपचं झाकण लावलं. "ते वाक्य मी कापलं. आजी आता कुठे आहे, आई? कुणाला लागणार आहे ते?"

कुणाला ते दोन दिवसांत कळलं. स्वित्झर्लंडहून एव्हेलिनाचा फोन आला. ही जेनेरोझोची थोरली बहीण. भूकंपाच्या आधीच नवऱ्याबरोबर विंटरथूरला कापडगिरणीत कामाला गेलेली, आता विधवा, नातवंडांची आजी. तिच्या नातीने तिला तो व्हिडिओ दाखवला होता, कौतुकाने, आजी बघ आपले काका किती प्रसिद्ध झालेत म्हणून.

"लिबेरा," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "मी तिसऱ्या दिवशी पोचले होते तिकडे. तोवर पुरलं होतं तिला. मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला झोपेत गेली. एवढी वर्षं मी त्या एका शब्दावर झोपलेय."

"एव्हेलिनाताई, मला पण माहीत नव्हतं."

"त्याला फोन दे."

लिबेराने फोन दिला. जेनेरोझोने तो कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं, आणि नम्रपणे म्हणाला, "बाई, आमच्याकडे वाईन आहे, पण मुलगी बाहेर गेलीय. संध्याकाळी करा." आणि फोन टेबलावर ठेवून दिला.

तरी व्हिडिओ काढला गेला नाही. मिरेल्ला म्हणत होती, काढते, पण डिसेंबरच्या मागण्या आल्या होत्या, परदेशातला एक मोठा खरेदीदार येऊ घातला होता, आता काढला तर लोक विचारतील का काढला. एवढी ख्रिसमसची सुट्टी जाऊ दे. तिचं वजन उतरलं होतं. ती आईच्या नजरेला नजर देत नव्हती, आणि तरी रोज त्या व्हिडिओखालची लोकांची वाक्यं वाचत बसायची, दाताचं दुखणं जिभेने चाचपावं तशी.

रविवारी लोक वाईन चाखायला यायचे. अशाच एका रविवारी बोलोन्याहून एक जोडपं आलं. माणसं वाईट नव्हती. बाईने तर लिबेरासाठी मिठाई आणली होती. मिरेल्ला तळघरात दुसऱ्या मंडळींना ग्लास भरून देत होती. लिबेरा स्वयंपाकघरात पीठ मळत होती. अंगणात जेनेरोझो उन्हात बसला होता. त्या पुरुषाने त्याच्याजवळ उकिडवं बसून, अगदी मायेने विचारलं, "काका, निनुच्चा कुठे होती हो?"

जेनेरोझो उठला. त्यांना घेऊन घरामागे गेला. जुना गोठा होता तिथे आता नुसती दगडांची एक ओळ उरली होती आणि तिच्याजवळ माती, गवत. तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी उकरायला लागला.

लिबेराला काही ऐकू आलं नाही. घर फार शांत वाटलं म्हणून ती बाहेर आली. ती बाई तोंडावर हात धरून रडत होती. पुरुषाच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि हातात फोन वर धरलेला होता. जमीन थंडीने घट्ट झाली होती. जेनेरोझोच्या दोन बोटांची नखं उखडली होती आणि मातीत रक्त मिसळलं होतं. तो हाश्श हुश्श करत उकरत होता आणि मधूनमधून म्हणत होता, "आलो, निनू, आलो."

लिबेराने आधी त्या माणसाला सांगितलं, "बंद करा ते."

"बाई, आम्हीसुद्धा रडतोय हो."

"रडा. पण ते बंद करा."

मग ती नवऱ्याजवळ बसली, त्याचे हात धरायला गेली. त्याने तिला कोपराने ढकललं. या माणसाने आयुष्यात कधी तिच्या अंगाला बोट लावलं नव्हतं. ती मागे दगडावर आपटली. "सरक बाजूला," तो म्हणाला. "कोण तू? वेळ नाहीये. ती बोलतेय अजून."

आवाज ऐकून कुंपण ओलांडून आमातो आला. चेष्टा केल्याशिवाय तोंड न उघडणारा आमातो. त्याने एक नजर टाकली, आणि जेनेरोझोच्या शेजारी गुडघे टेकले. भूकंपाच्या वेळी तो विशीतला होता. त्याने स्वतःच्या दोन भावांना ढिगाऱ्यातून काढलं होतं.

"जेनेरोझो," तो म्हणाला, "सैनिक आले. खालच्या वळणावर आहेत. मशीन आणलंय त्यांनी."

जेनेरोझोचे हात थांबले. "मशीन?"

"हो. मोठं आहे. आपण बाजूला व्हायला पाहिजे, नाहीतर त्यांना जागा होणार नाही."

"मी गेलो तर ती घाबरेल."

"मी सांगतो तिला." आमातोने मातीवर तोंड नेलं आणि म्हणाला, "निनुच्चा, आम्ही इथेच आहोत गं." मग त्याने जेनेरोझोला काखेत हात घालून उठवलं आणि घरात नेलं. परत बाहेर येऊन तो त्या बोलोन्याच्या माणसासमोर उभा राहिला आणि फाटकाकडे बोट दाखवलं.

त्या दुपारी मिरेल्लाने तो व्हिडिओ काढला. तेवढ्यावर ती थांबली नाही. वेलीशी भांडण, ठिगळाचं जाकीट, तोडणी, पाय धुताना बापाने म्हटलेली आडवीतिडवी गाणी, सगळं पानच पुसून टाकलं. फोनमधलंही. लिबेराने नवऱ्याच्या बोटांना पट्ट्या बांधल्या, आणि मिरेल्ला शेजारच्या खुर्चीत बसून एकेक पुसत राहिली.

ख्रिसमसच्या आधी एव्हेलिना आली. मुलाच्या गाडीतून, काळा कोट, हातात काठी. ती आत आली आणि लिबेराला मिठी मारली नाही. मिरेल्लाकडे तिने पाहिलंही नाही.

"मी भांडायला आलेय," ती म्हणाली. "ज्याच्याशी भांडायचं तो आहे का घरात?"

"कधी असतो, कधी नसतो," लिबेरा म्हणाली.

जेनेरोझो खिडकीशी बसला होता. बहीण समोर जाऊन उभी राहिली. त्याने वर पाहिलं. एव्हेलिना म्हातारपणी हुबेहूब तिच्या आईसारखी झाली होती, तेच कपाळ, तेच घट्ट मिटलेले ओठ. जेनेरोझो धडपडत उठला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"आई," तो म्हणाला.

एव्हेलिनाने तोंड उघडलं, पण तो थांबला नाही. घाईघाईने, पोरासारखा बोलत होता. "आई, मी बघून आलोय. तिला काही कळलं नाही. ताप होता ना, झोपली होती. तुळई एकदम पडली. चेहरा शांत होता."

एव्हेलिनाने काठी दोन्ही हातांत धरली.

"बोलली का काही?" तिने विचारलं.

"नाही आई. एक शब्द नाही." त्याने तिच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं. "शप्पथ घेऊन सांगतो."

लिबेराला वाटलं, आता ही त्याला काहीतरी बोलेल, नाहीतर तिथेच कोसळेल. भूकंपानंतर आईसमोरही असंच झालं असणार, गार वाऱ्यात, मोडक्या घरासमोर. हाच चेहरा, हेच शब्द. एव्हेलिना तेव्हा गावाकडे येणाऱ्या आगगाडीत होती.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "जेवलास का तू?"

"हात धुतले नाहीत अजून."

एव्हेलिनाने काठी खुर्चीला टेकवली. त्याला धरून मोरीपाशी नेलं, पट्ट्या सोडल्या, कोमट पाणी सोडलं आणि त्याचं एकेक बोट धुतलं. तो निमूट उभा होता. मग तिने त्याला सूप भरवलं, आणि तो झोपल्यावर त्याच्या उशाशी अंधार पडेपर्यंत बसली.

निघताना तिने लिबेराला जवळ घेतलं. मिरेल्ला दारात उभी होती, रडून सुजलेली. "आत्या," ती म्हणाली, "मला माफ कर."

"नाही जमणार, पोरी," एव्हेलिना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्याला वर्षं लागतात. माझ्याकडे तेवढी नाहीत."

त्यानंतर जेनेरोझो फारसा बोलला नाही. मळ्यात न्यायला गेलं तर दारातून मागे फिरायचा. जानेवारीत छातीत कफ झाला, आणि कार्निव्हलच्या आठवड्यात, खाली चौकात मुलांचे ढोल वाजत असताना, तो गेला. एक हात लिबेराच्या हातात होता. तो कुणाचा आहे असं त्याला वाटत होतं, ते तिला कळलं नाही.

मिरेल्लाने कुठेही काही लिहिलं नाही. तरी कुठून तरी बातमी गेली. दफनाच्या दिवशी परक्या नंबरच्या चारदोन गाड्या आल्या. ती माणसं चर्चमध्ये मागे उभी राहिली. फोन खिशात होते. गावातलं कुणी त्यांच्याशी बोललं नाही. बाहेर पडताना त्यांच्यातली एक बाई लिबेराचा हात धरून म्हणाली, "आम्हाला वाटायचं, आम्ही त्यांना ओळखतोच."

"हो," लिबेरा म्हणाली. "तुम्हाला बरंच माहीत होतं." आणि हात सोडवून घेतला.

छाटणी उशिरा झाली. मायलेकींनीच केली, आमातो अधूनमधून हाताला आला. दोघी कामापुरतं बोलायच्या. कुठली काडी ठेवायची, तार कुठे सैल झालीय. मिरेल्ला परत मिलानला जाईल असं गावाला वाटत होतं. ती गेली नाही. तिला कुणी जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी लिबेरा भांडी पुसता पुसता म्हणाली, "तो वेलीशी बोलतो ना, तो व्हिडिओ जरा लाव. आवाज ऐकायचाय."

मिरेल्लाच्या हातातलं फडकं थांबलं. "आई, मी सगळं पुसलं. त्या दिवशी. काहीच ठेवलं नाही."

"काहीच?"

"काहीच नाही." ती खाली बघत होती. "एकच आहे. तो तळघरातला. लोकांनी उतरवून घेतला होता ना. कुणीकुणी अजून लावतात. त्याच्यावर गाणं घातलंय कुणीतरी."

लिबेरा खुर्चीत बसली. "लाव."

"आई, नको."

"लाव."

मिरेल्लाने शोधून फोन तिच्यासमोर ठेवला. पिवळा उजेड, पिंप, जेनेरोझोचा वर केलेला हात. मागे कुणीतरी बाई गोड आवाजात गात होती आणि व्हायोलिनं वाजत होती. जेनेरोझोचे शब्द मधूनमधून वर येत आणि पुन्हा बुडत.

"ते गाणं काढता येतं का?" लिबेराने विचारलं.

"नाही, आई."

लिबेराने फोन उचलला, कानाशी नेला आणि डोळे मिटून ऐकत राहिली.